मज्जेचा डॉक्टर

अहो, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, मोठी पातेली ज्यांची त्यांना परत गेली, आणि सगळ्यांना तेच तेच सांगून माझ्या घशाला कोरड पडली. जो येतो तो विचारतो, "काय झालतं गं त्याला?" मी म्हणते, मेंदूत गाठ होती. ते मान हलवतात आणि अंगणात जाऊन एकमेकांना सांगतात, "फेपरं व्हतं." घोटवड्याच्या तुमच्या मावशी तर मला म्हणाल्या, "मेंदूत कशी गाठ बसंल? तितं काय सुतळी हाय व्हय?" तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. मलाही हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ असं रडू फुटलं की तुमच्या आईंनी मला धरून आत नेलं.

म्हणून आज तुमच्याशीच बोलते. तुम्हाला मेंदू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. उद्यापासून मला शाळेत जायचंय, आणि एकदा का त्या पोरांच्या गलक्यात शिरले की बोलायचं राहून जाईल.

"तुम्हाला आठवतं का" असं विचारायची सोयच तुम्ही शेवटी शेवटी ठेवली नव्हती. आज बिनधास्त विचारते. आठवतं का, पहिल्यांदा कधी झालं ते? वैशाखात तुम्ही एकदा जेवता जेवता म्हणालात, "कुनाचा राब जळतोय गं?" आणि घास हातात धरून बसून राहिलात, खूप वेळ, नजर कुठंतरी लावून. मी म्हटलं, वैशाखात आणखी काय जळणार? आपल्या रिहे गावाच्या सगळ्या खोऱ्यात भाताच्या रोपांसाठी राब पेटलेले, घरात धूर, कपड्यांना वास. कोण कशाला लक्ष देतंय!

मग भाद्रपदात खाचरात गवत काढताना तुम्ही ताठ उभे राहिलात आणि पुन्हा तेच विचारलंत. राब जळतोय! पोटरीएवढं भात, पायाखाली चिखल, आभाळ गळतंय, आणि हा माणूस राब म्हणतो. बायका फिदीफिदी हसल्या. "दादा, म्हैना चुकला तुमचा!" हसणं संपायच्या आत तुम्ही आडवे झालात. हातपाय झाडत होतात, तोंडाला फेस, डोळे वर. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पायातलं पायताण काढून लावलं. बऱ्याच वेळानं तुम्ही शुद्धीवर आलात, मला ओळखलंत आणि पहिलं काय बोललात? "कांद्याचं ठीक हाय, पर त्ये पायतान कुनाचं व्हतं, सांगा मला."

तुमची ही असली चेष्टाच मला नडली. तुम्ही हसवत राहिलात आणि मी हसत राहिले. पुढं सकाळी सकाळी डोकं धरून उलट्या व्हायला लागल्या, तेव्हाही तुम्ही "मला डोहाळं लागलं" म्हणून साऱ्या घराला हसवलंत. पिरंगुटच्या बाजाराला जाऊन मीठ न घेताच परत आलात, पुन्हा गेलात आणि पुन्हा मीठ विसरलात. तुमच्या आई म्हणाल्या, "देवरुषाकडं न्या, बाहेरचं कायतरी हाय." तुम्ही म्हणालात, "आये, बाहेरचं आसतं तर हाकललं आसतं. ह्ये आतलं हाय." तुम्हाला कसं कळलं होतं हो? आमच्या कुणाच्या आधी तुम्हालाच कळलं होतं.

पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हे माझ्या आवाक्यातलं नाही. पुण्यात मेंदूचा कुणी डॉक्टर असला तर शोधा." असला तर! म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, शोधते. एवढं मोठं पुणं, त्यात डोक्याचा एक डॉक्टर नसेल?

आणि तिथंच आमची फजिती सुरू झाली, कारण मी लोकांना विचारत होते ते "डोक्याचा डॉक्टर कुठं बसतो?" असं. टांगेवाला म्हणाला, "डोक्याचा? मग येरवड्याला चला की." पानवाला म्हणाला, येरवडा. औषधांच्या दुकानातल्या चष्मेवाल्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं, आणि हळूच विचारलं, "दोघांपैकी कोण?" मी अशी संतापले की रस्त्यातच भांडायला उभी राहिले. तुम्ही मात्र टांग्याला टेकून शांतपणे म्हणालात, "जाऊ की येरवड्याला. तितं मोप जागा आसंल, आन् तुज्या बोलन्याला कुनी नावं बी ठेवनार न्हाई."

त्या हिवाळ्यात आपण किती जिने चढलो! एकानं कान तपासले. एकानं पोट साफ ठेवायला सांगितलं. दातांच्या डॉक्टरनं तर चांगली धडधाकट दाढ उपटली. म्हणे डोकेदुखीचं मूळ तिथंच असतं. गालाला फडकं बांधून एस.टी.त बसलात आणि मला म्हणालात, "आता गुडघा तेवडा ऱ्हायला. माजी अक्कल तितंच हाय म्हंतीस न्हवं, तितंच दाव कुनाला तरी." शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हसण्याचं नव्हतं. तुम्ही मला दोन वेळा विचारलं होतंत, आपण पुण्याला कशाला आलो होतो म्हणून.

शेवटी वाट दाखवली ती चष्म्याच्या डॉक्टरनं. डोकं दुखतं म्हणजे नंबर असेल, म्हणून मीच तुम्हाला ओढत नेलं होतं. ते म्हातारे डॉक्टर तुमच्या बुबुळात बारीक दिवा धरून बघत राहिले. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. दिवा खाली ठेवून म्हणाले, "डोळ्यांच्या मागे सूज आहे. हे चष्म्याचं काम नव्हे. मुंबईचे एक मज्जातंतूंचे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी पुण्यात येतात, त्यांना दाखवा. उशीर करू नका." त्यांनी पत्ता सांगितला, मी तीनदा म्हणून पाठ केला. जिना उतरताना तुम्ही विचारलंत, "कसला डॉक्टर म्हनला?" मी म्हटलं, मज्जातंतूंचा. तुमचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "मज्जेचा डॉक्टर? आगं, मग आदी का न्हाई त्याच्याकडं नेलंस? दाढ तरी ऱ्हायली आसती."

मी आपली मास्तरीण. रस्त्यात उभी राहून सांगायला लागले की मज्जा म्हणजे गंमत नव्हे, हाडात असते ती मज्जा, आणि मज्जातंतू म्हणजे मेंदूकडून निघालेले धागे. तुम्ही हात जोडलेत. "बाई, धडा नगा शिकवू. आमी नापास." आणि गावात येऊन सगळ्यांना सांगितलंत की पुढच्या रविवारी आम्ही नवराबायको मज्जेच्या डॉक्टरकडं चाललोय. सगळं रिहे तेच म्हणायला लागलं. गाडीला बैल जुंपताना शेजारचे भाऊजी ओरडले, "दादा, मज्जा आसंल तर आमाला बी आना वाईच!" आपली लेक शकू दारात उभी राहून टाळ्या पिटत होती.

त्या खोलीतलं मला सगळं आठवतं. डॉक्टर तरुण होते, सडपातळ, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. त्यांनी तुम्हाला पहिलंच विचारलं, "आपलं नाव काय?" तुम्ही तोंड उघडलंत आणि तसेच राहिलात. मग माझ्याकडं बघितलंत. डॉक्टरांनीही माझ्याकडं बघितलं. आणि मी? पोरांना रोज हजेरीला नावांनी हाका मारणारी मी, खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसले. लग्नातला उखाणा सोडला तर तुमचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं होतं? एकाला आठवेना आणि दुसरीला घेता येईना. डॉक्टर बिचारे थांबले होते. शेवटी मी म्हटलं, "कोंडिबा." नुसतं कोंडिबा, उखाण्याबिखाण्याशिवाय. तुम्ही दचकून वळलात आणि म्हणालात, "आगं, तुला ठावं हाय व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. मला ते तेव्हाच आवडले. त्यांनी गाय, सुई आणि पाऊस असे तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाले. गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायावरून किल्ली ओढली. मग शब्द विचारले तर तुम्ही म्हणालात, "आता तुमीच म्हनला व्हता, तुमालाच ठावं आसंल." त्यांनी विचारलं, झटका येण्याआधी काही होतं का? काही दिसतं, ऐकू येतं, वास येतो? तुम्ही म्हणालात, न्हाई. मी म्हटलं, "राब." डॉक्टरांना कळेना. "राब म्हणजे?"

आणि मग तुम्ही बोलायला लागलात. स्वतःचं नाव न आठवलेला माणूस सांगत होता: भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून काढायची, त्याला राब म्हणायचं. खाली शेण पसरायचं, वर कवळं म्हणजे झाडाच्या तोडलेल्या फांद्या, वर पालापाचोळा, वर बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे हळूहळू जळतं. एक अक्षर चुकला नाहीत. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा वास बाहेरून येत नाही, कोंडिबा. मेंदूत वास ओळखायची जागा असते, तिथं काहीतरी वाढतंय. मुंबईला तपासण्या कराव्या लागतील, पण मला गाठीची शंका आहे."

भाद्रपदात हसलेल्या त्या बायका, तो राब, तुमचा महिना चुकलेला नव्हताच. तुम्ही खरंच वास घेत होतात. आम्हाला सांगत होतात, आणि आम्हाला वाटलं, हा विसरला.

डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी झटके कमी झाले. पण ते म्हणाले, मुंबईला येऊन कवटी उघडून गाठ काढायला हवी. धोका आहे, वाचा जाऊ शकते, आठवण आणखी जाऊ शकते. नाही काढली तर ती वाढत जाईल. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मी म्हणत होते, चला. तुम्ही म्हणत होतात, न्हाई. "डोस्कं उघडून आत काय बगनार? तुजं नि माजं भांडान?" असं हसण्यावारी न्यायचात. मग एका दुपारी, गोठ्यात, तुम्ही हसणं सोडलंत. म्हणालात, "येडा हून परत आलो तर?"

मी म्हटलं, "येडं झालासा तरी चालंल मला."

"मला न्हाई चालायचं."

"मंग मला सोडून जायाचं चालतंय?"

तुम्ही वैरण टाकत राहिलात. मी रागानं शाळेत निघून गेले आणि त्या दिवशी उगाच दोन पोरांना मारलं. आज मला तुमची भीती समजते. अख्ख्या गावाला हसवणारा माणूस, आणि उद्या गाव त्यालाच हसणार, हे तुम्हाला मरणापेक्षा जड होतं. पण मला तुम्ही हवे होतात हो. मुके, खुळे, कसेही. ओट्यावर बसलेले हवे होतात. मी जेवायला घातलं असतं, आंघोळ घातली असती, रोज सकाळी नाव सांगितलं असतं.

तो वैशाख मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पुन्हा खोऱ्यात राब पेटले. तुम्ही म्हणायचात, "राब जळतोय," आणि मला प्रश्न पडायचा. हा राब खरा की तुमच्या डोक्यातला? मी हातातलं टाकून अंगणात धावायची आणि नाक वर करून उभी राहायची. मलाही धुराचा वास आला की जीव भांड्यात पडायचा. वारा दुसरीकडचा असला आणि मला काहीच आलं नाही, की धावत आत यायची, तुमच्या डोक्याखाली घोंगडी सरकवायची आणि तुम्हाला कुशीवर वळवून बसायची. त्या महिन्यात माझ्याइतका मनापासून धूर कुणी हुंगला नसेल.

मग भात लावायची आवणी आली आणि तुम्ही आम्हाला हरवायला लागलात. आधी पाव्हण्यांची नावं गेली, मग बैलांची. शकूला तुम्ही तुमच्या बहिणीच्या नावानं हाक मारायचात, तीही ओ द्यायची. मला तुम्ही चेष्टेनं "बाई" म्हणायचातच, त्यामुळं एके दिवशी "बाई, पानी घ्या" म्हणालात तेव्हा मी हसले. तुम्ही हसला नाहीत. नवख्या माणसाला द्यावं तसं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केलात. मी म्हटलं, "आवं, मी हाय." तुम्ही इतके घाबरलात, इकडंतिकडं बघायला लागलात, की मी तांब्या घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. पुन्हा मी तसं कधी सांगितलं नाही. सकाळी बहुतेक ओळखायचात, संध्याकाळी नाही. मी सकाळची बायको आणि संध्याकाळची पाहुणी झाले.

आणि त्या संध्याकाळी मी शाळेतून आले, तर तुम्ही ओट्यावर बसलेले. "या बाई, बसा," म्हणालात. मी पिशवी बाजूला ठेवून बसले. तुम्ही म्हणालात, "आमची मंडळी घरात न्हाई. ती बी साळंत शिकवती, तुमच्यावानी." मी म्हटलं, असं का? तुम्ही म्हणालात, "लई हुशार बाई हाय. माज्यापायी आख्खं पुनं पालतं घातलं तिनं. दुसरी आसती तर देवरुषाच्या दारात बसवून मोकळी झाली आसती." मग म्हणालात, "पर म्या कदी तिला म्हनलो न्हाई तसं. म्हनलं, डोस्क्यावर बसंल."

लग्न होऊन तुमच्या घरात आले त्याला इतकी वर्षं झाली. आमटी चांगली झाली एवढंसुद्धा तुम्ही कधी तोंडानं म्हणाला नव्हतात. ताट चाटूनपुसून स्वच्छ ठेवायचात, त्यावरून मी समजायची. आणि हे सगळं तुम्ही एका परक्या बाईला सांगत होतात. मला हंबरडा फोडावासा वाटत होता. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले.

मग तुम्ही आवाज खाली आणलात. "बाई, येक काम करा माजं. तिला येवडा निरोप द्या. म्हनावं, त्यो ममईला यायला तयार हाय. चिरू दे काय चिरायचं ते. तोंडावर सांगाया मला जीव व्हत न्हाई, लई भांडलोय तिच्यासंगं." आणि परत विचारलंत, "सांगशीला न्हवं?"

मी म्हटलं, "सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला ओळखलंत. भाकरी खाताना दोनतीनदा माझ्याकडं बघितलंत, मी काही बोलते का म्हणून बघावं तसं. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा तुम्ही मला बायको समजून हे माझ्या तोंडावर म्हणाल. मी मुद्दाम चुलीपाशी रेंगाळले. तुम्ही हात धुतलेत आणि काही न बोलता अंगणात गेलात. मी मनात ठरवलं, शाळा सुटली की मीच विषय काढीन आणि रविवारी मुंबईची गाडी धरायची. तुमच्या आईंना सांगून गेले, यांना एकटं सोडू नका. त्या शेण टाकायला परड्यात गेल्या, आणि तेवढ्यात तुम्ही पाणी बघायला खाचरावर निघून गेलात. वर्षानुवर्षं ज्या वेळेला जायचात त्याच वेळेला. तुमचे पाय काही विसरले नव्हते.

घोट्याएवढं पाणी होतं हो तिथं. शकू खेळायची तेवढं. झटका येऊन त्यात पालथे पडलेल्या तुम्हाला लोकांनी बांधावर काढलं तेव्हा मला शाळेत बोलवायला माणूस आला. मी धावत पोचले, डोकं मांडीवर घेतलं, आणि सगळ्या गावादेखत तुम्हाला नावानं हाका मारल्या. बायका चपापल्या. मारू दे, कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्ही वळून बघितलं नाहीत.

लोक मला समजावतात की सुटला बिचारा, मुंबईला जाऊन तरी काय होणार होतं. असेल. डॉक्टरांनीही शब्द दिला नव्हता. पण मला दुसरंच खातंय. त्या सकाळी भाकरी खाताना तुम्ही माझं तोंड बघत होतात, आणि मी गप्प. तुम्ही काय समजून खाचराकडं गेलात? ती बाई विसरली असं? की बायकोनं ऐकलं आणि तिचा राग अजून गेला नाही, असं?

तसं काही नाही, अहो. ती बाई चांगली होती. तिनं तुमचा निरोप मला तिथल्या तिथं दिला.